शिकायला मी, न्यायला दुसरं

मित्रांनो, मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. नाव ऐकून मागे सरकलात ना? बरं केलंत. माझ्यासमोर मागे सरकणारं मूल शहाणं. तिथेच उभे राहा आणि दोन हात लांबूनच माझी गोष्ट ऐका. ही गोष्ट गोळीबाराची नाही, मत्सराची आहे. गोळी कधीतरी एखाद्या घरात शिरते. मत्सर मात्र दार न वाजवता सगळ्यांकडे जेवायला येतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. तापलेल्या पोलादावर घाव घालून माझा आकार काढला, घासून-घासून मला निळसर काळी झाक आणली, अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. शेवटी चष्मा लावलेल्या एका बाईने माझं सहा भोकांचं चक्र कानाशी धरून फिरवलं, त्याचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. तेवढ्या एका मान डोलावण्यावर मी पुढची किती वर्षं जगलो.

तिथून मी दक्षिणेला, अलाबामात आलो. एमॉस नावाच्या पोलिसाच्या कमरेला माझी पहिली नोकरी. सज्जन माणूस. त्याने मला चामड्याच्या म्यानातून बाहेर काढलं ते सरावापुरतंच, माणसावर कधी रोखलं नाही. रविवारी त्याची पाळी असली की तो गाडी चर्चच्या खिडकीखाली उभी करायचा आणि काच खाली घ्यायचा. आत प्रवचन चाललेलं असे. प्रवचन म्हणजे नुसतं बोलणं नव्हे हं. तिथला धर्मोपदेशक बोलता बोलता गाऊ लागतो. वाक्याला लय येते, लयीला सूर येतो, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बाकांवरचं कुणीतरी झील धरतं. 'हो, देवा', 'सांगा, सांगा', 'खरं आहे'. झील धरणारा पक्का असला की सांगणाऱ्याला पंख फुटतात, आणि तो कच्चा असला की प्रवचन चिखलात रुतलेल्या गाडीसारखं जागच्या जागी फिरतं. चामड्याच्या आतून मी हे सगळं ऐकलं, आणि तेव्हापासून मला त्या गाण्याची गोडी लागली.

पुढे पोलीस खात्यात नवी पिस्तुलं आली. हलकी, चपटी, एका दमात खूप गोळ्या पोटात घेणारी. आम्हा जुन्यांना एका खोक्यात भरून विकून टाकलं. निरोप नाही, काही नाही. मी आलो ते डोरीनबाईंच्या दुकानात.

डोरीनबाई गावाबाहेर शस्त्रांचं दुकान चालवतात. मागच्या बाजूला नेमबाजीची लांबट खोली आहे. लोक आधी तिथे वेगवेगळी शस्त्रं भाड्याने चालवून बघतात आणि मग पसंत पडेल ते घेतात. काचेच्या कपाटात विकायची नवी पिस्तुलं, आणि पाठीमागच्या भिंतीवर खुंट्यांना आम्ही भाड्याचे, कुणी मागितलं तर विकायचेही. माझी खुंटी अगदी कपाटासमोर. दिवसभर त्या चकचकीत तोंडांकडे बघायचं हेच माझं नशीब.

नवशिका आला की डोरीनबाईंचा हात आधी माझ्याकडे येतो. "आधी याच्यावर हात बसवा," त्या म्हणतात. माझ्यावर किती माणसं शिकली म्हणून सांगू. शिक्षिका, ट्रकवाले, नुकते लग्न झालेले, नुकते विधुर झालेले. सगळे म्हणायचे, "किती गुणी आहे हो हा." आणि मग माझ्या मुठीवरचा घाम पुसून काचेच्या कपाटाकडे वळायचे, एखादं नवं कोरं पिस्तूल खोक्यात बांधून घ्यायचे आणि जायचे. शिकायला मी, न्यायला दुसरं.

मित्रांनो, मी जळायचो. पोलाद गंजतं ते बाहेरून. माझा गंज आतून होता.

असाच एका शनिवारी सकाळी दुकानाची घंटी वाजली आणि लेमुएल आणि व्हर्नेल आत आले.

लेमुएल म्हणजे दारातून आत येताना मान वाकवावी लागेल असा धिप्पाड गडी, साठीचा. शाळेची बस चालवून नुकताच निवृत्त झालेला. व्हर्नेल त्याची बायको, त्याच्या खांद्याला लागेल एवढी. शाळेच्याच स्वयंपाकघरात जन्मभर मोठमोठी पातेली उचलून तिच्या हातांची बोटं आखडली होती. दोघांच्या घरात आजवर शस्त्र आलं नव्हतं. दोघं आले होते पहिलंच घ्यायला.

कारण त्यांचं चर्च. दिवस वाईट आले होते. कुठे कुठे प्रार्थना चालू असताना माणसं आत शिरून गोळ्या झाडतात अशा बातम्या यायच्या, म्हणून चर्चच्या मंडळींनी ठरवलं की रविवारी दारात एक-दोन जाणती माणसं शस्त्र बाळगून उभी राहतील. पहिला उभा राहिला रोस्को, चर्चचा एक सेवेकरी. आता दुसरा माणूस हवा होता, आणि लेमुएलने हात वर केला होता.

आत येताच लेमुएल काचेला नाक लावून उभा राहिला. त्याने एका रुंद, काळ्या पिस्तुलावर बोट ठेवलं.

"हे बघ, व्हर्नेल. हेच. रोस्कोकडे हेच आहे."

"रोस्कोकडे ती तपकिरी टोपीपण आहे," व्हर्नेल म्हणाली. "आणि गुडघेदुखी. तेही विचार, मिळतं का इथे."

डोरीनबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "घरात किती यायची आहेत? दोन की एक?"

"एकच," व्हर्नेल म्हणाली. "आणि मला चालवता येणार नसेल तर तेही नाही. हा झोपला की नगारे वाजले तरी उठत नाही. घरात हत्यार ठेवायचं आणि ज्याला ते कळतं तो घोरत पडायचा, हा कुठला न्याय?"

"मग माझा नियम ऐका," डोरीनबाई म्हणाल्या. "जोडप्याला पहिलं हत्यार मी एकाच्या शब्दावर विकत नाही. सगळं चालवून झालं की दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं, मी 'दाखवा' म्हणाले की बोट दाखवायचं. दोन्ही बोटं एकाच जागी गेली तर विक्री. नाही तर घरी जायचं."

"आणि असा नियम का बरं?" लेमुएलने विचारलं.

"एकाने बायकोचं न ऐकता नेलं होतं. तिने ते मक्याच्या पिठाच्या डब्यात पुरलं. मग पाहुणे आले, आणि त्याच्या म्हातारीने ब्रेड करायला डब्यात हात घातला."

"मग?"

"म्हातारी बरी आहे. लग्न नाही."

माझ्या खुंटीवरून मी हे सगळं ऐकत होतो. आणि खोटं कशाला सांगू, त्या रुंद काळ्या पिस्तुलावर ठेवलेलं बोट बघून माझा जीव खालीवर झाला. मला त्या घरात जायचं होतं. ज्या घरातली माणसं एकमेकांशी असं बोलतात, त्या घरात एखाद्या कपाटाच्या कोपऱ्यातसुद्धा मी आनंदाने राहिलो असतो.

डोरीनबाईंनी मला खुंटीवरून काढून बरोबर घेतलं आणि तिघं मागच्या खोलीत आले. कानांवर जाड टोप्या आणि डोळ्यांवर चष्मे चढवून झाले. लेमुएलने बायकोसाठी स्वतःच एक निवडलं होतं: तळहातात मावेल असं, जांभळट रंगाचं, पिसासारखं हलकं रिव्हॉल्व्हर. "बायकांसाठी हे बरं," तो म्हणाला. डोरीनबाईंनी ते भरून पुढे केलं. ही चूक तिथला प्रत्येक नवरा करतो आणि प्रत्येक नवऱ्याला ती स्वतःच्या डोळ्यांनी बघावी लागते. बारीक आणि हलकं शस्त्र म्हणजे बारीक धक्का असं नसतं. उलट असतं. धक्का अंगावर घ्यायला त्याच्याकडे वजनच नसतं, तो सगळा हाताला मिळतो.

व्हर्नेलने एकदा चाप ओढला. आवाज घुमला. तिने ते जांभळं प्रकरण जपून फळीवर ठेवलं, आपला अंगठा दुसऱ्या हातात धरला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"रंग फुलाचा आणि लाथ खेचराची. माझ्यावर राग आहे का तुझा कसला? असेल तर तोंडाने सांग."

मला आतल्या आत उकळ्या फुटल्या. त्या जांभळीचा मला फार राग होता. बायका आत आल्या की आधी तिच्याकडे वळायच्या, "अगं बाई, किती गोड" म्हणायच्या. मला कुणी कधी गोड म्हटलेलं नाही.

मग रोस्कोसारखं ते काळं पिस्तूल आलं. त्यात गोळी चढवायची तर वरचा भाग जोर लावून मागे खेचावा लागतो. व्हर्नेलच्या आखडलेल्या बोटांना तो हलेना. तिने दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. लेमुएलने एका झटक्यात खेचला, छाती पुढे काढली आणि कागदावर गोळ्या झाडल्या. कागद जवळ ओढून बघितला तर मधला काळा ठिपका कोरा. सगळी भोकं खाली, डाव्या अंगाला, जशी काही घाबरून कोपऱ्यात बसलेली.

"याचा नेम बिघडलेला आहे," लेमुएल म्हणाला.

डोरीनबाईंनी ते घेतलं, एक गोळी झाडली. ठिपक्याच्या मधोमध.

"आत्ता बरा झाला वाटतं," व्हर्नेल म्हणाली.

आणि मग डोरीनबाईंचा हात माझ्याकडे आला.

व्हर्नेलने मला दोन्ही हातांत धरलं. "अगं, हे तर माझ्या बिडाच्या तव्याएवढं जड आहे."

"वजनच धक्का खातं," डोरीनबाई म्हणाल्या. "चाप हळू ओढा. घाई नाही."

हजार नवशिक्या बोटांनी ओढून-ओढून माझा चाप लोण्यासारखा मऊ झाला होता. ज्यांच्या जाण्यावर मी जळत आलो, त्यांनीच जाता-जाता मला असं घडवलं होतं, पण हे तेव्हा कुठे कळायला. तेव्हा कळलं ते एवढंच, की तिची दुखरी बोटं माझ्यावर न दुखता वळली. तिने श्वास सोडला. मी बोललो. पुन्हा बोललो. कागद जवळ आला तेव्हा सगळी भोकं मधल्या ठिपक्यात होती, एका बशीने झाकता येतील अशी.

व्हर्नेल स्वतःच बघत राहिली. "हे मी केलं?"

"नशीब असतं नवशिक्याचं," लेमुएल म्हणाला. "आण इकडे."

त्याच्या तळव्यात मी गेलो, आणि मित्रांनो, मला चटका बसला. तो तळवा गरम होता. माझ्यातली आग मला चांगली ठाऊक होती, म्हणून दुसऱ्याची ओळखायला वेळ लागला नाही. तो बायकोवर जळत होता, थोडासा. पण त्याच्याखाली आणखी जुनं काहीतरी धुमसत होतं. त्याने गोळ्या झाडल्या. पुन्हा तसंच, खाली आणि डावीकडे. मग मला फळीवर ठेवलं.

"पाठीला पाठ," डोरीनबाई म्हणाल्या.

दोघं उभे राहिले, तो ताडासारखा, ती त्याच्या पाठीला टेकलेली. "दाखवा." व्हर्नेलचं बोट माझ्याकडे. लेमुएलचं बोट त्या काळ्या पिस्तुलाकडे.

माझ्या पोलादातून थंड वारा गेल्यासारखं झालं. अर्धं घर माझं होतं, आणि अर्ध्या घराने काय होतं?

डोरीनबाई म्हणाल्या, "जायच्या आधी एक करू. ब्रदर लेमुएल, याच्याने आणखी एकदा." चर्चच्या माणसांना तिकडे 'ब्रदर'च म्हणतात. मग त्या पाठ वळवून मला भरू लागल्या. त्यांनी काही भोकांत खरी काडतुसं घातली, आणि काहींत झाडून झालेल्या रिकाम्या पुंगळ्या. मग चक्र फिरवून बंद केलं. आता कुठे जीव आहे आणि कुठे नाही हे बाहेरून कुणालाच कळणार नव्हतं. ही त्यांची जुनी रीत. मला ती मनापासून नको होती. मला वाटत होतं, असू दे त्याचा नेम कसाही, कशाला त्याला उघडं पाडायचं? चिडला तर कायमचा माझ्यावरच चिडेल.

लेमुएलने मला रोखलं. पहिली गोळी सुटली. मग त्याने चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं.

आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. तरीही त्याचे एवढे मोठे हात धाडकन खाली गेले होते, माझं तोंड जमिनीकडे वळलं होतं, आणि त्याने डोळे घट्ट मिटले होते. गोळी सुटायच्या आधीच हात भिऊन पळत होता. म्हणून ती भोकं खाली आणि डावीकडे.

व्हर्नेल खुदकन हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली.

"सगळ्यांचं होतं," डोरीनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सरावाने जातं. लाज वाटण्यासारखं यात काही नाही." आणि त्या मला फळीवर ठेवून दोन पावलं मागे गेल्या, उगाच झाडू घेऊन पुंगळ्या गोळा करत राहिल्या.

लेमुएलने कानांवरची टोपी काढली. "हात भितो माझा," तो म्हणाला.

"भिऊ दे की. माझाही भितो, पाल बघून. मला दुसरंच सांग." व्हर्नेल त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "दारात उभं राहायची हौस खरंच तुझी आहे?"

त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग म्हणाला, "इस्टरच्या दिवशी रेव्हरंड काय म्हणाले, ऐकलंस ना? वेदीवरून, सगळ्यांसमोर. 'ब्रदर रोस्को डोळे उघडे ठेवतात म्हणून आपल्याला ते मिटता येतात.' लोक उठून उभे राहिले. टाळ्या. रोस्कोसाठी. परवा-परवा उभा राहिलाय तो दारात. आणि मी? बस चालवायला लागलो त्याच्या आधीपासून मी त्या पहिल्या बाकावर बसून झील धरतोय. रेव्हरंड नवखे होते, सूर सापडायचा नाही त्यांना, तेव्हापासून. माझं नाव घेतलंय कधी कुणी?"

मित्रांनो, फळीवर पडल्या-पडल्या मी ऐकत होतो, आणि मला वाटलं हा माणूस माझीच कहाणी सांगतोय. सगळ्यांना उभं करायचं ह्याने आणि मिरवायचं दुसऱ्याने.

व्हर्नेलने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. ती आधीच नीट होती.

"गेले दोन रविवार तू रोस्कोजवळ शिकायला म्हणून दारात उभा होतास," ती म्हणाली. "आत काय झालं तुला माहीत नाही. मी सांगणार नव्हते. गेल्या रविवारी तर रेव्हरंडनी सूर लावला, चढले, आणि ओळ टाकून थांबले. तुझ्या 'हो, देवा'साठी. कुणी म्हणालंच नाही. मग ते पाणी प्यायले. लोकांना वाटलं घसा बसला. पुन्हा चढले, पुन्हा थांबले, आणि तुझ्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग बोलूनच संपवलं. गायलेच नाहीत. त्या दिवशी सगळे वेळेवर जेवायला घरी, लेमुएल. इतकं वेळेवर जेवण आपल्या चर्चमधल्या कुणाला कधी मिळालंय का?"

"थांबले?"

"दोनदा."

"माझ्या बाकाकडे बघून?"

"आता मी काय शपथ घेऊ इथे, बंदुकांसमोर?"

लेमुएलने मला उचललं. गोळी झाडायला नव्हे, हातांना काहीतरी हवं असतं म्हणून. डोरीनबाईंनी लगेच पुढे होऊन माझं चक्र उघडलं, रिकामं केलं आणि मग मला त्याच्याकडे परत दिलं. त्याचा तळवा निवत होता. पाण्यात बुडवलेल्या पोलादासारखा हळूहळू निवत होता. आणि मी? माझा जळफळाट वाढत होता. कारण मला कळून चुकलं होतं की माझा खरा प्रतिस्पर्धी ते काळं पिस्तूल नाहीच. माझा प्रतिस्पर्धी एक लाकडी बाक आहे. हा माणूस त्या बाकावर परत गेला की दारात उभं राहायला नको, आणि मग मीही नको. एका बाकावर जळायची पाळी माझ्यावर आली होती.

"पुन्हा एकदा दाखवायचं का बोट?" मला फळीवर ठेवून लेमुएलने विचारलं.

"पाठीला पाठ," डोरीनबाई म्हणाल्या.

"दाखवा."

लेमुएलचं बोट माझ्याकडे आलं.

मी खोटं बोलत नाही. तोच माणूस, तेच बोट, आणि आता ते थेट माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी शिकून झाल्यावर मला दाखवत होतं. मी क्षणभर व्हर्नेलकडे बघितलंच नाही. तिचं तर माझ्याकडेच असणार होतं.

तिचं बोट दाराकडे होतं. दुकानाच्या दाराकडे. घरी चला.

दोघं वळले आणि एकमेकांची बोटं बघून उभे राहिले.

"तुला ते आवडलं म्हणून मी तिकडे दाखवलं," लेमुएल म्हणाला.

"आणि तुला काहीच नको झालंय म्हणून मी दार दाखवलं, बैलोबा."

"मग आता?"

"आता काय," डोरीनबाई म्हणाल्या, "बोटं जुळली नाहीत. माझ्याकडून विक्री नाही. घरी जाऊन जेवा. मन झालं तर पुढच्या शनिवारी या, हा इथेच आहे."

हा म्हणजे मी. मी इथेच होतो. मी कुठे जाणार?

जाता-जाता लेमुएलने मान वाकवून दारातून पाऊल टाकलं आणि व्हर्नेल त्याच्या दंडाला धरून काहीतरी पुटपुटली. तो मोठ्याने हसला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि ते न ऐकू येण्यावरसुद्धा मी जळलो.

पुढच्या शनिवारी घंटी वाजली की माझं सगळं लक्ष दाराकडे. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत. काचेच्या कपाटातलं ते काळं पिस्तूल मात्र एका तरुण जोडप्याने नेलं. दोघं नेम माझ्यावरच शिकले होते. मी आता मोजणं सोडून दिलं होतं.

आणि मग एके दिवशी तपकिरी टोपी घातलेला, गुडघा आखडून चालणारा एक माणूस आत आला. मी टोपीवरून ओळखलं. रोस्को.

"मिस डोरीन, हे जरा साफ करून द्या हो," असं म्हणून त्याने कमरेचं पिस्तूल काढून फळीवर ठेवलं. तेच ते, रुंद आणि काळं. ज्याच्यासारखं मिळावं म्हणून एक माणूस आपला बाक सोडून निघाला होता, आणि ज्याच्या भावंडांवर मी जन्मभर जळत आलो, ते. डोरीनबाईंनी ते उघडलं. आत कोटाच्या अस्तराचा कापूस भरला होता. घामाने एका बाजूला गंज धरला होता. जे रविवारीच तेवढं मिरवलं आणि एरवी कुणी हातात घेतलं नाही, त्याची अशी दशा होते.

"शेवटचं कधी चालवलंत, ब्रदर रोस्को?"

रोस्कोने टोपी काढून डोकं खाजवलं. "तोवर एखादं द्या चालवायला. ते देता का, भिंतीवरचं? लेमुएल आणि त्याची बायको म्हणे त्याच्यावर खूश होते."

त्याने मला हातात घेतलं. आणि मित्रांनो, पुन्हा तोच चटका. तोच गरम तळवा. मला वाटलं, अरे, याला कशाची कमी? याचं तर नाव वेदीवरून घेतलं गेलं होतं.

गोळ्या झाडून झाल्यावर तो फळीला टेकून बोलू लागला. "लेमुएल बाकावर परत गेला, कळलं का तुम्हाला? आता रेव्हरंड दीड-दोन तास गातात. एक जण थांबला की दुसरा सुरू. आत लोक रडतात, हसतात, उभे राहून नाचतात. आणि मी बाहेर दारात. मला भिंतीतून नुसता लेमुएलचा आवाज येतो, 'हो, देवा, हो, देवा'. कशाला 'हो' म्हणतोय ते काही कळत नाही. मी आपला गाड्या उभ्या करायच्या मैदानात कुत्री बघत बसतो. हेवा वाटतो हो त्याचा, मिस डोरीन. या वयात सांगू नये, पण वाटतो."

"रेव्हरंडनी लेमुएलचं नाव घेतलं का मग?"

"छे. वेळ कुठे मिळतो त्यांना?"

डोरीनबाईंनी मलाही उघडलं आणि त्याच्या पिस्तुलाशेजारी, एकाच कापडावर ठेवलं. एकाच बाटलीतलं तेल दोघांना लावलं. मी त्या काळ्या पिस्तुलाकडे पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. त्याचा मला राग येईना. माझ्या अंगावर हजार हातांच्या खुणा होत्या आणि गंजाचा एक ठिपका नव्हता. त्याला एकच हात मिळाला होता, आणि तोही त्याला विसरून गेला होता.

"मग आता दाराला कायम तुम्हीच का?" डोरीनबाईंनी विचारलं.

"नाही ना. येत्या रविवारपासून मी आत. व्हर्नेल उभी राहतेय."

"हत्यार घ्यायला परत आली नाही ती."

"हत्यार नकोच म्हणाली. रिकाम्या हाताने उभी राहणार. म्हणते, जन्मभर शाळेच्या जेवणाच्या रांगेत उभी होते. भुकेलं पोर कुठलं, रडून आलेलं कुठलं, भांडण काढायला आलेलं कुठलं, ते तोंडाकडे बघून कळायचं. येणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, नाव विचारायचं, आत बसवायचं. आणि ज्याचं लक्षण ठीक दिसणार नाही, त्याच्याजवळ स्वतः जाऊन बसायचं. मंडळींनी वाद घातला तिच्याशी. तिने आमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता कोट टांगायच्या खुंट्या कुठे आहेत ते दाखवा."

रोस्को गेला. मी परत माझ्या जागी आलो. समोरच्या काचेच्या कपाटात एक नवं कोरं, चंदेरी पिस्तूल आणून ठेवलेलं होतं. मी बघितलं, आणि मला काहीच वाटलं नाही.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे, म्हणून हात जोडता आले नाहीत तरी विनवणी करतो. माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली, घरात, गाडीत, कुणाच्या उशाशी, तर तिला हात लावू नका. रिकामी आहे असं कुणी म्हणालं तरी नाही. माझं चक्र बाहेरून बघून आत जीव आहे की नाही हे मोठ्यांनाही कळत नाही, तुम्हाला कुठून कळणार? मागे फिरा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा. आणि मोठ्यांना माझं सांगणं, आम्हाला घरात आणायचंच असेल तर दोघांच्या मनाने आणा, कुलपात ठेवा, स्वच्छ ठेवा. दुसऱ्याच्या कमरेला बघितलं म्हणून आणू नका. आणि तुमच्या बाकावर कुणी वर्षानुवर्षं झील धरत असेल, तर त्याचं नाव एकदा तरी मोठ्याने घ्या. त्याने काही बिघडत नाही, आणि किती तरी गरम हात निवतात.

माझ्यापुरतं विचाराल, तर मत्सर माझा गेलेला नाही. फक्त त्याची जागा बदलली आहे. रविवारी दुकान बंद असतं, खोलीत अंधार असतो, आणि तेव्हा मला दिसते ती व्हर्नेल. ती दारात उभी असते, कोट खुंटीला टांगलेला, आखडलेली बोटं उघडून पुढे केलेली, येईल त्याचा हात धरायला. जन्मभर मी पिस्तुलांवर जळलो, रंगांवर जळलो, एका बाकावरही जळलो. आता मला हेवा वाटतो तो एका रिकाम्या हाताचा. माझ्यासारखं काही धरायची पाळी त्या हातावर कधीच येऊ नये, एवढीच देवाजवळ प्रार्थना आहे.